सुनेत्राची साखर

१६ एप्रिल १९८९, रविवार

कपाट आवरताना प्रॅक्टिकलचं एक कोरं जर्नल सापडलं. उजवीकडे रेघा, डावीकडे आकृतीसाठी कोरं पान. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना पोरांच्या जर्नलांत लाल शाईने ‘आकृती मोठी काढा’ असं लिहीत आलो. आता स्वतः काहीतरी लिहून बघावं म्हटलं. वासंती म्हणाली, “लिहा की. निदान तेवढा वेळ बोलणार नाही तुम्ही.” लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण बायकोची जीभ काही बोथट होत नाही.

आज केळशीहून दहा डझन हापूस आला. सुनेत्राच्या वडिलांनी एस्टीने पाठवला. सुनेत्रा माझी भाची, माझ्या धाकट्या बहिणीची, गोदूची मुलगी. गोदू जाऊन दहा वर्षं झाली. पोर गेल्या जूनपासून अकरावीसाठी इथे रत्नागिरीत आमच्याकडे आहे. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती आल्यापासून घराला घरपण आलं, हे कबूल केलं पाहिजे.

मागच्या खोलीत पेंढा पसरून आढी घातली. आंबा पेंढ्यात टेकवला की जो वास येतो, त्याने मी थेट बेचाळीस वर्षं मागे जातो. वरच्या आळीतलं आमचं घर, आढीशी उकिडवी बसून एकेक आंबा दाबून बघणारी सहा वर्षांची गोदू, आणि ‘आई, ही बघ पुन्हा आढीत’ असं ओरडणारा मी. मग तिला एक धपाटा. मग रडं. मग अर्ध्या तासाने तीच येऊन मला विचारणार, “दादा, चिंचेला दगड मारायला येतोस?” असा राग न धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मात्र यंदा आढी घालताना मनात धाकधूक आहे. जानेवारीपासून सुनेत्राला साखर आहे. सतरा वर्षांची काटकुळी पोर, आणि डॉक्टर म्हणतात मधुमेह. घरात एकशेवीस आंबे पिकत घालायचे आणि तिला म्हणायचं, तू वास घे. वासंती म्हणाली, “आंबे येसूबाईकडे देऊन टाकूया.” येसूबाई आमच्याकडे धुणंभांडी करते. मी म्हटलं, एवढा मनाचा निग्रह शिकायलाच हवा तिला.

२३ एप्रिल

रोज सकाळी सुनेत्राची लघवी मीच तपासतो. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर ठीक, पिवळं म्हणजे वाईट. आमच्याकडे रोज जांभ्या दगडासारखं लालभडक. आजही तेच. डॉक्टरांनी इन्सुलिन वीस युनिटांवरून चाळीसवर नेलं, चाळीसवरून साठवर. फरक शून्य. ते म्हणाले, “सर, इंजेक्शन काम करतं. एवढं देऊनही साखर उतरत नाही, म्हणजे पोटात काहीतरी जातंय. जरा लक्ष ठेवा.”

पोर भाकरी आणि भाजी खाऊन उठते. पण डोळ्यांत कायम भूक.

मानेचंही तसंच. मानेभोवती काळा, मखमलीसारखा जाड पट्टा आहे. वासंती मसूरडाळीचं पीठ आणि साय लावून चोळते, निघत नाही. वर्गातल्या मुली म्हणतात, आंघोळ करत नाहीस का. म्हणून एवढ्या उकाड्यात ही बंद गळ्याचा ब्लाउज घालून जाते. मला हसू आलं, कारण गोदूचीही मान अशीच काळी होती. दर रविवारी आई तिला न्हाणीघरात बसवून नारळाच्या सोडणाने घासायची आणि गोदू किंचाळायची, आणि मी बाहेरून ‘गोदू कोळसा, गोदू कोळसा’ म्हणून नाचायचो. मायलेकींना अंग घासायचा कंटाळा, दुसरं काय. घराण्याचं काही ना काही उतरतंच.

२९ एप्रिल

परवा मुंबईहून श्यामचं पाकीट आलं. श्याम माझा विद्यार्थी, १९७० च्या बॅचचा, लांज्याजवळच्या एका वाडीतला. पहिल्या दिवशी बेडूक फाडताना चक्कर येऊन माझ्या अंगावर पडला होता. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, “सर, त्याचं काळीज चालू होतं.” मी त्याला म्हटलं होतं, “तेच बघायला आलास ना?” आज तो परळच्या एका प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि अजून मला ‘आपला आज्ञाधारक’ असं लिहितो. त्या वेळच्या पोरांना गुरू म्हणजे काय ते कळत होतं. आताची पोरं मला प्रश्नपत्रिकेत काय येणार ते विचारतात.

येत्या शनिवारी वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत माझं व्याख्यान आहे. गेल्या वर्षी ‘कासवांची दुनिया’ झालं. यंदा काहीतरी ताजं द्यायचं म्हणून मी श्यामला लिहिलं होतं, आणि त्याने सात शोधनिबंध पाठवले. विषय आहे रिसेप्टर. पेशीच्या भिंतीत आरपार बसवलेला, बाहेरचा निरोप आत पोचवणारा रेणू. दोन दिवस वाचतोय. वाचता वाचता जुने दिवस आठवले. सत्तावन्न साली मीही मुंबईत एका प्रयोगशाळेत दीड वर्ष काढलं होतं. मग वडील आजारी पडले, परत आलो आणि इथेच रुजलो. खंत नाही. पण त्या खोलीतला इथरचा वास, खिडकीतून दिसणारी ट्राम आणि सकाळी पहिला आत शिरल्यावरची ती शांतता मला या सात कागदांत परत मिळाली, हे इथे लिहायला हरकत नाही.

सुनेत्रा शेजारी बसून निबंधांतली चित्रं बघत होती. तिला इंग्रजी बेताचंच येतं, पण चित्रावर बोट ठेवून विचारते. मी सांगत गेलो. शिकवायला बरं वाटलं.

६ मे, शनिवार

व्याख्यान उत्तम झालं. सभागृह भरलं होतं, बायकाही बऱ्याच होत्या.

मी वासंतीच्या दोन लांब दांड्याच्या पळ्या नेल्या होत्या. (तिने कुरकुर केली, उद्या आमटी कशाने वाढू.) एका पंच्याला दोन भोकं पाडून पळ्या त्यातून घातल्या आणि पंचा दोघा पोरांना आडवा धरायला लावला. सांगितलं, पंचा म्हणजे पेशीची भिंत. वर वाटी ती बाहेर, खाली दांडा तो आत. इन्सुलिनचा रिसेप्टर असा जोडीचा असतो, दोन सारखे अर्धे शेजारी शेजारी बांधलेले. इन्सुलिन भिंतीतून आत जात नाही. ते बाहेरच्या वाटीत येऊन बसतं. तेवढ्याने आतले दांडे हलतात, आणि एक दांडा दुसऱ्याला टायरोसीन नावाच्या ठरावीक जागी फॉस्फेट लावतो, दुसरा पहिल्याला लावतो. मी म्हटलं, “हळदीकुंकवाला बायका स्वतःला कुंकू लावून घेत नाहीत. समोरची हिला लावते, ही तिला लावते. तसंच हे.” बायका हसल्या. पहिल्या रांगेत बसलेले माजी मुख्याध्यापकसुद्धा हसले. “आणि हे कुंकू लागलं, की आतली सगळी यंत्रणा जागी होते. साखर आत घ्या, असा निरोप पुढे जातो. कुंकू लागेपर्यंत हा आतला दांडा स्वतःला आवरून गप्प बसलेला असतो. कसा आवरतो, ते अजून जगात कोणी पाहिलेलं नाही. त्याचे स्फटिक करून आकार बघणं अजून जमलेलं नाही.”

शेवटी प्रश्न. दोघांनी कासवांबद्दल विचारलं. मग मागच्या रांगेतून सुनेत्रा उभी राहिली. एवढ्या लोकांत. म्हणाली, “मामा, समजा वाटी चांगली आहे. पण दोघींतल्या एकीचा हातच लुळा असेल तर? ती दुसरीला कुंकू लावू शकणार नाही. मग इन्सुलिन येऊन बसेल, पण आत कोणाला कळणारच नाही ना?”

मी म्हटलं, “शाबास. तसं असेल तर बाहेर घागरभर इन्सुलिन ओतलं तरी आत थेंबाचाही उपयोग नाही.” टाळ्या पडल्या. दहा वर्षांत बीएस्सीच्या एकाही पोराने मला असा प्रश्न विचारलेला नाही. ही गोदूची बुद्धी. गोदूला सातवीतून काढलं नसतं, तर आज तीही कुठल्या कुठे असती.

घरी येताना सुनेत्राने दोनदा पुन्हा तोच विषय काढला. मी सांगितलं, “आता पुरे, आधी उद्याच्या तपासणीचं बघ.”

७ मे

लालभडक.

एवढी हुशार पोर, पण जिभेवर ताबा नाही. आज प्रयोगशाळेतून मार्किंग इंक आणली, आणि दुपारी ती झोपलेली असताना आढीतल्या प्रत्येक आंब्यावर देठाशी बारीक आकडा घातला. रोजचे खायला काढलेले वजा जाता आकडे एक ते शहाण्णव. वासंतीने दारातून पाहिलं आणि निघून गेली.

१४ मे, रविवार

३१, ३२ आणि ७७ गायब.

न्हाणीघराच्या मागे तीन बाठे सापडले, चाटून पांढरे केलेले. मी ते वर्तमानपत्रावर मांडले आणि सुनेत्राला बोलावलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं. विचारलं, “हे काय?” ती म्हणाली, “बाठे.” विचारलं, “कोणी खाल्ले?” म्हणाली, “माहीत नाही मामा, मी नाही खाल्ले.” मी म्हटलं, “सकाळची नळी लाल, आढीतून तीन आंबे गेलेले, घरात आम्ही दोघं म्हातारे. तूच सांग, शास्त्रीय पद्धतीने विचार केला तर काय निष्कर्ष निघतो?”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “आईची शपथ, मी नाही खाल्ले.”

माझा तोल तिथे गेला. मेलेल्या आईची खोटी शपथ घ्यायची, आणि ती आई कोण, तर माझी गोदू. मी म्हटलं, “असंच चालायचं असेल तर केळशीला वडिलांकडे जा. इथे राहून आंधळी झालीस तर मी त्यांना काय तोंड दाखवू?” वासंतीने तिला स्वयंपाकघरात नेलं.

मागच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या जानव्याला.

१६ मे

डॉक्टर: ऐंशी युनिट. “याच्यापुढे मला भीती वाटते सर. एक दिवस पथ्य पाळलं, तर एवढ्या डोसने एकदम खाली जाईल पोर. आणि नाही पाळलं, तर पाच वर्षांत डोळे, मूत्रपिंड, पाय.” मी तिच्या वडिलांना पत्र टाकलं: जूनमध्ये येऊन घेऊन जा, बारावीचं पुढे बघू. लिहिताना वाईट वाटलं. वासंती दोनदा म्हणाली, “अहो, तुमच्याशी बोलायचंय, तिचं अजून सुरूच झालेलं नाही काही, सतरा पुरी झाली तरी. आणि ओठावर ती लव. हे नुसतं खाण्याचं दिसत नाही मला.” मी म्हटलं, बायकांचं बायकांनी बघावं, मला त्यातलं काय कळतं.

४ जून, रविवार

येसूबाईने आज माझी विकेट घेतली. आंब्याचे दिवस संपत आले म्हणून मागची खोली झाडायला उघडून दिली, तर आढ्याकडे बघत म्हणाली, “मास्तर, हतं कांडेचोर येताय. ता बगा, कौल सरकलाय.” आणि पेंढ्यातून एक नवा बाठा काढून माझ्या हातात दिला. “हे दात बगा. माणसाचे दात आसं आसताव? पोरीवर कशाला आळ घेतलाव?”

भिंग घेऊन बघितलं. दोन सुळ्यांची भोकं, बारीक, खोल. कांडेचोर म्हणजे उदमांजर, मांसाहारी गण. दंतसूत्र मला झोपेत विचारलं तरी सांगेन. तीस वर्षं तेच शिकवतोय. खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे, आणि तरीही आत आंबे खाल्ले जात होते. हे मला दिसलं नाही, आणि चौथीत शाळा सोडलेल्या येसूबाईला दिसलं.

सुनेत्राला बोलावून सांगितलं, “आंब्याचं माझं चुकलं.” ती म्हणाली, “बरं.”

पण नळी आजही लालच आहे. आंबे कांडेचोराने खाल्ले हे मान्य. मग साखर कुठून येते? काहीतरी जातंच आहे तिच्या तोंडात. रसायन खोटं बोलत नाही. आंब्याच्या साठांचा डबा, गूळ, खजूर, सगळं वासंतीला वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हीच ठेवा.”

१९ जून

उद्या सुनेत्राचे वडील न्यायला येणार. तिची ट्रंक भरून पडवीत ठेवलेली. आणि आज श्यामचं पत्र.

‘आदरणीय सर, आपल्या भाचीचं तीन पानी पत्र मिळालं.’ इथेच मी थबकलो. पाकिटावरून पत्ता उतरवून घेऊन, मला न विचारता, या मुलीने माझ्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलं होतं. श्याम पुढे लिहितो, ‘तिने आपल्या व्याख्यानातला प्रश्न मला विचारला आहे: जोडीतला एक अर्धा लुळा असेल तर काय होईल. मग स्वतःचा डोस, वजन, मानेचा रंग आणि आणखी काही गोष्टी लिहून विचारलं आहे की, हे माझं असू शकेल का. सर, असू शकेल. परदेशात असे थोडे रुग्ण सापडले आहेत. वॉर्डात ठेवून, जेवण तोलून देऊन आणि रक्ततपासणी करून बघायला हवं. तिला लवकर पाठवावं ही विनंती. शेवटी तिने एक ओळ लिहिली आहे ती आपल्याला कळावी असं वाटतं: मी खात असेन तर तसंही सांगा, म्हणजे मामांना खरं काय ते कळेल.’

पहिल्यांदा रागच आला. मग पत्र वासंतीने वाचलं. तिने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, “उद्या ती केळशीला जाणार नाही. मी तिला मुंबईला घेऊन जाते. तुम्हाला यायचं असेल तर या, नाहीतर राहा इथे आंबे मोजत.”

२० जून: सुनेत्राचे वडील आले तेव्हा त्यांच्याशीही तीच बोलली. मी पाणी आणून दिलं.

११ जुलै

घर रिकामं. वॉर्डात खाट मिळाल्यावर दोघी मुंबईला गेल्या, त्याला आठ दिवस झाले. येसूबाई भाकऱ्या टाकून जाते. पावसाने पडवी ओली, पुस्तकांना बुरशी. संध्याकाळी कॉलेजातून आलो की सवयीने परीक्षानळ्या ठेवायच्या फळीकडे लक्ष जातं.

आज गोदूची पत्रं काढली. केळशीहून ती मला महिन्याला एक कार्ड टाकायची, बारीक अक्षरात, कडेपर्यंत. विहिरीला पाणी किती, सुपारी कशी आली, सुनेत्राने आज पहिलं पाऊल टाकलं. वाचताना तिचा आवाज ऐकू यायला लागला. तिला बोलताना मध्येच हसायची खोड होती, ती अक्षरांतही दिसते.

७८ साली खाडीत कालवं काढायला गेली असताना तिच्या पायाला शिंपला लागला. जखम भरेना. साखर तेव्हा सापडली. गावचे वैद्य, दापोलीचे डॉक्टर, सगळ्यांनी एकच सांगितलं: खाणं आवरत नाही बाईला. तिच्या सासूने तर गुळाची ढेप खोलीत बंद केली. मी दिवाळीच्या सुट्टीत भेटायला गेलो आणि खाटेशेजारी खुर्ची घेऊन तिला पाऊण तास पथ्यावर व्याख्यान दिलं. आकृतीसुद्धा काढून दाखवली. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “दादा, मी नाही रे खात.” आणि हसली. मीही हसलो, आणि म्हटलं, “लहानपणापासून ओळखतो गो तुला.”

ते आमचं शेवटचं बोलणं. फेब्रुवारीत गेली.

तिची मान काळी होती. अंगाने ती काडीसारखी होती. सासरी गेल्यावर किती वर्षं मूल होत नव्हतं, सुनेत्रा तिशी उलटल्यावर झाली. हे सगळं मला माहीत होतं. मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक आहे. आज पुढे लिहवत नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

दोन महिने या जर्नलला हात लावला नाही. दोघी जुलैअखेर परत आल्या, सुनेत्रा बारावीच्या वर्गात जायला लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी डोस दोनशेच्या पुढे नेलाय, आणि आमचे डॉक्टर तो चिठ्ठीवर लिहिताना अजून दचकतात. नळी कधी पिवळी, कधी हिरवी. निळी एकदाच. अंतिम निकाल यायचा होता, म्हणून मी या विषयावर बोलत नव्हतो. खरं म्हणजे बोलायचं धाडस होत नव्हतं. घरात आम्ही तिघं फार सभ्यपणे वागत होतो.

गणपती झाले आणि काल श्यामचं पत्र आलं. आज सकाळी सुनेत्राला पडवीत बसवून वाचून दाखवलं. वासंती दाराशी उभी होती.

श्यामने लिहिलंय, वॉर्डात अकरा दिवस जेवण तोलून दिलं, नर्सच्या समोर, तरी साखर फारशी हलली नाही. तिचं रक्त आधीच इन्सुलिनने भरलेलं आहे, तिचं स्वतःचं इन्सुलिन, इतरांच्या कितीतरी पट. तिच्या रक्तपेशींवर इन्सुलिन नीट येऊन बसतं, म्हणजे वाटी शाबूत. पण आत फॉस्फेट लावायचं काम जेवढं व्हायला हवं, त्याच्या पाचव्या हिश्शाएवढंही होत नाही. मानेचा काळेपणा, लव, पाळी न येणं, सगळं त्या साचलेल्या इन्सुलिनचंच. जनुकात नेमकी चूक कुठे आहे, ते अजून शोधायचंय. पण जोडीतला एक अर्धा बिघडला की चांगला अर्धाही त्याच्याबरोबर अडकून पडतो, असं ताज्या कामावरून दिसतं. शेवटी विचारलंय, हे आईकडून आलेलं असू शकतं, आईला असं काही होतं का?

एवढं वाचून मी पत्र खाली ठेवलं. गोदूचं नाव घेतलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. वासंतीने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच असेल, कोणाच्या देखत.

सुनेत्रा पत्राकडे बघत होती. म्हणाली, “म्हणजे मी खात नव्हते?”

मी म्हटलं, “नव्हतीस.”

“नक्की?”

मला हा प्रश्न कळलाच नाही. मी म्हटलं, “अगं, तुला नाही का माहीत? तूच तर सांगत होतीस.”

ती म्हणाली, “आधी माहीत होतं. मग रोज नळी लाल यायची, आणि तुम्ही म्हणायचात रसायन खोटं बोलत नाही. मला वाटायला लागलं, मी झोपेत उठून खात असेन आणि सकाळी आठवत नसेल. मेमध्ये मी ओढणीने पाय खाटेला बांधून झोपायला लागले. सकाळी गाठ तशीच असायची, तरी वाटायचं, सोडून पुन्हा बांधली असेल मीच.” मग म्हणाली, “शपथ घेतली ना आईची, तेव्हापण मला पक्कं माहीत नव्हतं मामा. मी तशीच घेतली.”

वासंती आत निघून गेली. मी सुनेत्राला म्हटलं, “तू खाल्लं नाहीस. एक कणही नाही. चूक माझी होती, पहिल्या दिवसापासून.”

ती म्हणाली, “परत म्हणा.”

मी परत म्हटलं. तिने मला ते तीनदा म्हणायला लावलं, आणि तिसऱ्यांदा ती रडली.